त्वचारोगात पोस्टडॉक करायचंय? निघण्याआधी आणि पोहोचल्यावर

एमडी झाल्यावर मी काही काळ एका सरकारी रुग्णालयाच्या स्किन ओपीडीत होते. सोमवारी टेबलावर केसपेपरचा ढीग पडायचा आणि त्यातले कितीतरी गजकर्णाचे. जांघेत, परकराच्या नाडीखाली, काखेत, चेहऱ्यावर. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध चार आठवडे द्यायचं, मग डोस वाढवायचा, मग औषध बदलायचं, तरी रुग्ण परत यायचेच. एकदा एका बाईंनी कापडी पिशवीतून मेडिकलमधून आणलेल्या क्रीमच्या सात रिकाम्या ट्यूब माझ्यासमोर ओतल्या आणि विचारलं, "मॅडम, यातली खरी कुठली?" त्यातल्या बहुतेकांत स्टेरॉइड होतं. त्यांना मी क्रीम बंद करायला सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. पण टर्बिनाफिन का लागू पडत नाही, हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

या प्रश्नाचं मोठं उत्तर बुरशीच्या जनुकात होतं. ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीला हे नाव 2020 मध्ये मिळालं. तिच्यातल्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात बदल झाला, की टर्बिनाफिनला बसायला जागाच उरत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे अमेरिकेतले पहिले दोन रुग्ण नोंदवले गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांसाठी ती नवलाची गोष्ट होती. आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांनी तोवर असे शेकडो रुग्ण पाहिलेले होते.

पोस्टडॉकला जायचं म्हणून जे कोणी मला विचारतात, त्यांना मी आधी हेच सांगते. विद्यापीठाचं नाव, शहर, व्हिसा या गोष्टी नंतर बघू. ओपीडीत किंवा पीएचडीच्या टेबलावर तुम्हाला पडलेला, डोक्यातून न जाणारा एखादा प्रश्न सोबत घ्या, कारण पुढची सगळी निवड त्यावरून होते.

हे नेमकं काय असतं आणि कोणासाठी

पोस्टडॉक म्हणजे पीएचडी किंवा एमडीनंतर एखाद्या अनुभवी संशोधकाच्या हाताखाली साधारण दोन-तीन वर्षं पूर्णवेळ संशोधन शिकणं. ते कोर्सही नाही आणि कायमची नोकरीही नाही. परीक्षा नसते, पदवी मिळत नाही. शेवटी पदरात पडतात ते पेपर, हाताला आलेलं काम आणि आपल्याबद्दल खात्रीने बोलू शकणारी दोन-तीन माणसं.

त्वचारोगाच्या विभागात दोन प्रकारची माणसं एकत्र येतात. एक, जीवशास्त्रातली पीएचडी झालेली, ज्यांना पेशी आणि जनुकं कळतात पण सोरायसिसचा रुग्ण जवळून पाहिलेला नसतो. दोन, आपल्यासारखे एमडी, ज्यांना लांबूनही लायकेन प्लॅनससारखा त्वचारोग ओळखता येतो पण पिपेट धरता येत नाही. दोघांना एकमेकांकडून शिकावं लागतं. एमडीने पीएचडीवाल्यांपुढे दबून जायचं कारण नाही, आणि मोठा डॉक्टर असल्याचा तोरा मिरवण्याचं तर मुळीच नाही.

लेखात मी मुख्यतः अमेरिकेबद्दल लिहिते आहे, कारण आपली बहुतेक मुलं तिकडे जातात आणि मला तीच वाट माहीत आहे.

पहिली पायरी: कशासाठी जाताय ते कागदावर लिहा

बरेच जण मनातल्या मनात समजतात की पोस्टडॉक केलं की पुढे अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करता येईल. तसं होत नाही. पोस्टडॉकने रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी यूएसएमएलई या परवान्याच्या परीक्षा, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना लागणारं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र आणि तिथली रेसिडेन्सी (रुग्णालयातलं विशेष प्रशिक्षण) हा वेगळा रस्ता आहे, आणि त्वचारोगाची रेसिडेन्सी ही तिथल्या सर्वांत चुरशीच्या जागांपैकी आहे. तिथे शिकलेल्या मुलांनाही ती सहज मिळत नाही. काही जण रेसिडेन्सीच्या आशेने दोन-तीन वर्षं संशोधन करतात आणि त्यातल्या थोड्यांना जागा मिळतेही. त्या आशेने जायचं असेल तर जा, पण जागा मिळाली नाही तरी ही वर्षं वाया गेली असं वाटणार नाही एवढं ते संशोधन तुम्हाला आवडायला हवं.

भारतात परत येऊन मेडिकल कॉलेजात शिकवायचं, स्वतःची लॅब उभी करायची, एखाद्या आजाराचा छडा लावायचा, औषध कंपनीत संशोधनात जायचं, ही सगळी चांगली कारणं आहेत. पण प्रत्येकासाठी लॅब वेगळी लागते. क्लिनिकल ट्रायल शिकायची असेल तर उंदरांच्या लॅबमध्ये जाऊन उपयोग नाही.

दुसरी पायरी: प्रश्न एका पानावर आणा

इथे घाई करू नका. मला या एका पानाला तीन महिने लागले आणि पुढे त्याचाच सर्वांत जास्त फायदा झाला.

"मला सोरायसिसमध्ये रस आहे" हा प्रश्न नाही. "गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर सोरायसिसची लाली जांभळट-तपकिरी दिसते, मग लालीवर गुण देणाऱ्या मोजपट्ट्या आपल्या रुग्णांचा आजार कमी दाखवतात का?" हा प्रश्न आहे. "कोडावर उपचार सुरू केल्यावर रंग केसांच्या मुळांपासून ठिपक्या-ठिपक्यांनी परत येतो, पण बोटांच्या टोकांवर का येत नाही?" हाही प्रश्न आहे. दुसऱ्याच्या पोटात जीवशास्त्र दडलेलं आहे: रंगपेशींच्या मूळपेशी केसांच्या कूपात राहतात आणि बोटांच्या टोकांवर केसच नसतात. असा प्रश्न हातात असला की कुठली लॅब, कुठलं तंत्र, कुठला गाइड हे आपोआप दिसू लागतं.

पानावर चार गोष्टी लिहा. काय दिसलं, त्यावर आजवर काय माहीत आहे, कुठे गाडी अडली आहे, आणि ते तपासायला मी काय करेन. शेवटच्या भागात तुमचं अज्ञान दिसेल. दिसू द्या, ते शिकायलाच तर जाताय.

आपल्याकडचा माणूस रिकाम्या हातांनी जात नाही, हेही लक्षात ठेवा. कुष्ठरोग, त्वचेचा क्षय, पेम्फिगस, औषधांच्या भयंकर रिॲक्शन, सावळ्या त्वचेवरचा प्रत्येक आजार आपण इतक्या संख्येने पाहिलेला असतो की तिथल्या प्राध्यापकांनाही त्याचं अप्रूप वाटतं. हे मेलमध्ये लिहा, संकोच करू नका.

मात्र रुग्णांचे नमुने सोबत नेण्याचा विचारही मनात आणू नका. परदेशी संस्थेबरोबर संशोधन करायचं तर आपल्या संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता, आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आणि दोन संस्थांमधला साहित्य-हस्तांतर करार लागतो. बुरशीच्या किंवा जिवाणूंच्या जातींना 2002 चा जैवविविधता कायदाही लागू होतो. या कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून असा काही बेत असेल तर निघण्याच्या बऱ्याच आधी सुरुवात करा.

तिसरी पायरी: गाइड शोधणं

तिथे गाइडला पीआय म्हणतात. पुढची तीन वर्षं सुखाची जाणार की कष्टाची, हे शहरापेक्षा आणि विद्यापीठापेक्षा या एका माणसावर जास्त ठरतं.

शोधायची माझी रीत अशी. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या संकेतस्थळावर आपल्या प्रश्नाचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा आणि शेवटचं नाव पाहा. ते बहुधा लॅबच्या प्रमुखाचं असतं. मग एनआयएच (अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधन संस्था) हिच्या रिपोर्टर या मोफत संकेतस्थळावर ते नाव टाका. त्या माणसाकडे सरकारी अनुदान किती, कुठल्या विषयावर आणि कधी संपतं, हे सगळं तिथे उघड असतं. अनुदान येत्या आठ-दहा महिन्यांत संपणार असेल तर पुढचे पैसे कुठून येणार हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. त्वचारोगाच्या संशोधनाला तिथे मुख्य पैसा देणारी संस्था नियाम्स. सांधे, स्नायू, हाडं आणि त्वचा अशा आजारांची ही संस्था 1986 मध्ये स्थापन झाली. पेनसिल्वेनिया, नॉर्थवेस्टर्न, स्टॅनफर्ड, येल, मिशिगन इथले त्वचारोग विभाग संशोधनासाठी नावाजलेले आहेत, पण छोट्या गावातल्या विद्यापीठातही एखादा उत्तम गाइड असतो आणि तिथे घरभाडंही परवडतं.

मग पेपरांतली पहिली नावं पाहा. ती बहुधा त्या लॅबच्या विद्यार्थ्यांची आणि पोस्टडॉकची असतात. आज ती माणसं कुठे आहेत? स्वतःची लॅब चालवताहेत, कंपनीत आहेत, की तीन वर्षांनंतर एकही पेपर न घेता निघून गेली? त्यातल्या दोघांना तरी मेल करून पंधरा मिनिटं मागा. फोनवर माणूस लिहिणार नाही ते बोलतो. विचारा: आठवड्यातून किती वेळा भेट व्हायची? पेपरवर नावं कशी ठरायची? आजारी पडल्यावर काय व्हायचं? उत्तर द्यायला माणूस अडखळला तर तेही उत्तरच समजा.

मेल छोटा लिहा. "आदरणीय सर, मी एक मेहनती विद्यार्थिनी आहे" छापाच्या मेलना उत्तर येत नाही. माझ्या पहिल्या पंचवीस-तीस मेल तशाच होत्या आणि एकालाही उत्तर आलं नाही. नंतर मी असं लिहिलं: मी कोण (एक ओळ), तुमच्या अमुक पेपरमधल्या अमुक आकृतीवरून मला हा प्रश्न पडला (दोन ओळी), माझ्या ओपीडीत मी हे पाहिलं आहे (दोन ओळी), अमुक महिन्यापासून येऊ शकते, पैशाची सोय माझ्याकडे आहे किंवा नाही (एक ओळ), सोबत सीव्ही आणि प्रश्नाचं एक पान. प्रत्येक मेलसाठी तो पेपर खरोखर वाचावा लागतो, त्यामुळे आठवड्याला तीनच मेल होतात. उत्तरं मात्र यायला लागली.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारायचे असतात. लॅबमध्ये उंदीर वापरतात का, हे आधीच विचारा. प्राण्यांना इंजेक्शन देणं, शेवटी मारणं काहींना अजिबात सहन होत नाही. ते मोकळेपणाने सांगून माणसाच्या ऊतींवर किंवा संगणकावर काम करणारी लॅब शोधावी. तिथे पोहोचल्यावर हे कळलं तर दोघांचंही नुकसान होतं.

चौथी पायरी: पैसा

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पगार किती, किती वर्षांसाठी, आरोग्य विमा कोण भरणार, हे पहिल्या किंवा दुसऱ्या बोलण्यातच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

त्वचारोग विभागांच्या संकेतस्थळांवर टी-32 नावाच्या प्रशिक्षण अनुदानाची माहिती दिसते आणि आपली मुलं तिथे अर्ज करायला बसतात. हे अनुदान एनआयएच विद्यापीठाला देते आणि विभाग आपले प्रशिक्षणार्थी निवडतो. पण ते फक्त अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. वैयक्तिक अर्जाच्या एफ-32 फेलोशिपचंही तसंच. तिथेच वाढलेल्या किंवा ग्रीन कार्ड मिळालेल्या मराठी मुलांसाठी मात्र ही उत्तम वाट आहे. त्यांनी एक अट ध्यानात ठेवावी: पहिल्या बारा महिन्यांच्या मदतीची परतफेड करावी लागते, आणि त्याच प्रशिक्षणात दुसरं वर्ष पूर्ण केलं की ती फिटते. या प्रकारची मदत एकूण तीन वर्षांपर्यंतच मिळते.

भारतातून जाणाऱ्याला बहुतेक वेळा गाइडच्या संशोधन अनुदानातून पगार मिळतो. आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगते, 2024 या आर्थिक वर्षासाठी एनआयएचने पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकचं वार्षिक विद्यावेतन 61,008 डॉलर ठरवलं होतं आणि पुष्कळ विद्यापीठं तेच किमान धरतात. बॉस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत त्यात एकट्याचं कसंबसं भागतं, कुटुंब असेल तर ओढाताण होते. पीएचडीवाल्यांनी फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल फेलोशिप जरूर पाहावी. युरोपचा विचार असेल तर मारी क्युरी आणि जर्मनीतली हुम्बोल्ट फेलोशिप आहेत. दोन्हींसाठी भारतीयांना अर्ज करता येतो आणि दोन्हींत पदवीनंतर किती वर्षं झाली याची मर्यादा असते, म्हणून उशीर करू नका.

आता बिनपगारी जागांबद्दल. "रिसर्च फेलो" म्हणून बोलावतात, पगार नाही, राहण्याखाण्याचा खर्च तुमचा. एमडी झालेल्या, रेसिडेन्सीची आस असलेल्या मुलांना अशा जागा सहज मिळतात आणि आईवडील ठेवी मोडून पैसे पाठवतात. मी हे जवळून पाहिलं आहे. पूर्णवेळ काम करणाऱ्या डॉक्टरला पगार न देणं मला अन्यायाचंच वाटतं. जायचंच असेल तर मुदत ठरवा, सहा महिने किंवा फार तर वर्ष, आणि कुठला प्रकल्प तुमच्या नावावर असेल हे लेखी घ्या.

पाचवी पायरी: व्हिसा

बहुतेकांना जे-1 व्हिसा मिळतो, रिसर्च स्कॉलर या वर्गातला. विद्यापीठ डीएस-2019 हा कागद पाठवतं, तुम्ही 220 डॉलरचं सेव्हिस (परदेशी अभ्यागतांच्या नोंदणीचं) शुल्क भरता आणि वकिलातीत मुलाखत देता. या वर्गात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. मधेच कार्यक्रम संपवून परतलात तर पुढचे 24 महिने याच वर्गात पुन्हा येता येत नाही. त्यामुळे सहा महिन्यांच्या छोट्या कामासाठी हा वर्ग वापरून टाकू नका. छोट्या मुदतीसाठी वेगळा वर्ग आहे, विद्यापीठाला तोच मागा.

जे-1 संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीबद्दल जुन्या लोकांकडून बरंच ऐकायला मिळतं. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने आपली कौशल्य-यादी (कुठल्या देशाला कुठल्या कौशल्यांची गरज आहे याची यादी) बदलली आणि भारत त्यातून वगळला गेला, त्यामुळे त्या यादीपोटी येणारी अट आता भारतीयांना लागत नाही. पण सरकारी पैशावर, उदाहरणार्थ फुलब्राइटवर गेलात तर ती लागते. तुमच्या व्हिसावर आणि डीएस-2019 वर काय छापलं आहे ते वाचा आणि शंका असल्यास विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. नियम बदलतात आणि ग्रुपवरची उत्तरं जुनी असतात.

जोडीदाराला जे-2 या सोबतच्या व्हिसावर कामाची परवानगी मागता येते. पहिल्या महिन्यातच अर्ज करा.

आणि एमडींनी हे पक्कं ध्यानात ठेवावं: रिसर्च स्कॉलर म्हणून तुम्हाला रुग्ण तपासायचे नाहीत. विभागातलं कोणी प्रेमाने म्हटलं, "ये, ही बायॉप्सी तू घे," तरी नम्रपणे नकार द्या. बघायला हरकत नसते, हात लावायला असते.

सहावी पायरी: पहिले तीन महिने

पहिल्या दोन आठवड्यांत संगणकावर ढीगभर प्रशिक्षणं करावी लागतात: माणसांवरच्या संशोधनाची नीती, रुग्णांच्या माहितीची गुप्तता, प्राण्यांची काळजी, जैवसुरक्षा. ती उरकून टाकू नका. कुठल्या प्रकल्पाला कुठल्या समितीची परवानगी आहे आणि त्या परवानगीत तुमचं नाव जोडलं आहे का, हे स्वतः पाहा. नाव नसताना एका रुग्णाची माहिती उघडली तरी तो गंभीर गुन्हा मानतात.

मग हात बसवायचं काम. माझी पहिली खरी शिकवणी त्वचेच्या पेशी वाढवण्याची होती. नवजात मुलांच्या सुंतेनंतर टाकून द्यायची त्वचा रुग्णालयातून परवानगीने यायची. तिचे छोटे तुकडे डिस्पेज या विकरात बुडवून रात्रभर 4 अंशांवर ठेवायचे. सकाळी दोन चिमटे घेऊन एकाने खालचा थर धरायचा आणि दुसऱ्याने वरचा हलकेच ओढायचा. नीट जमलं तर एपिडर्मिस कांद्याच्या पापुद्र्यासारखी अखंड सुटून येते, पातळ, जरा दुधट. वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी-जांभळी रेघ म्हणून पाहिलेली गोष्ट मी पहिल्यांदा चिमट्यात धरली होती. त्या सकाळी मी कितीतरी वेळ ती नुसती पाहत राहिले.

पुढचं पाऊल माझं चुकलं. तो पापुद्रा ट्रिप्सिन या विकरात सोडवून केराटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी) वेगळे करतात आणि ट्रिप्सिन थांबवायला सीरम घालतात. सीरम नंतर धुऊन काढावं लागतं, कारण त्यात कॅल्शियम असतं आणि केराटिनोसाइट कॅल्शियमला फार हळवे असतात. कॅल्शियम कमी, साधारण 0.1 मिलिमोलरच्या खाली ठेवलं, तर त्या वाढत राहतात. ते 1 मिलिमोलरच्या वर गेलं की त्या एकमेकींना चिकटतात, चपट्या होतात आणि पिकायला लागतात, जसं आपल्या त्वचेत वरच्या थरांत होतं. मी नीट धुतलं नाही. तिसऱ्या दिवशी ताटलीत फरशीसारख्या चपट्या पेशी होत्या आणि वाढ थांबली होती. दोन आठवडे मी काय चुकलं ते शोधत होते आणि कोणाला विचारलं नाही, कारण एमडी झालेल्या बाईला एवढं येत नाही हे दाखवायची लाज वाटत होती. शेवटी लॅबच्या टेक्निशियनला विचारलं. तिने ताटलीकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, "सीरम." म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून विचारा. लॅबमध्ये सर्वांत जास्त माहिती बहुधा टेक्निशियनकडे असते.

ऊतींचे नमुने घेताना एकाच बायॉप्सीचे तुकडे वेगवेगळ्या वाटेने जातात. साध्या हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी) फॉर्मालिन, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (चमकणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचणीसाठी) गोठवलेला तुकडा किंवा मिशेलचं द्रावण, आरएनएसाठी लगेच द्रवरूप नायट्रोजन किंवा आरएनएलेटर. इम्युनोफ्लुरोसन्सचा तुकडा चुकून फॉर्मालिनमध्ये गेला की गेलाच. बायॉप्सी होण्याच्या आधी सगळ्या कुप्यांवर नावं टाकून त्या ओळीने मांडून ठेवा. त्वचा चिवट असते, कोलॅजेनमुळे नीट दळली जात नाही आणि आरएनए कमी निघतो. हे सगळ्यांचंच होतं, तुमच्या एकट्याचं नव्हे.

उंदरांवर काम असेल तर केसांचं चक्र आधी शिका. काळ्या उंदराची पाठ भादरली आणि कातडी गुलाबी दिसली तर केस विश्रांतीत आहेत, करडी किंवा काळी दिसली तर वाढीत. रंग फक्त वाढीच्या काळात बनतो म्हणून असं दिसतं. वाढीच्या काळात त्वचा जाड असते, विश्रांतीत पातळ. दोन गटांत केसांची अवस्था वेगळी असेल तर जाडीतला फरक औषधाचा की केसांचा हे कळणारच नाही. शिवाय उंदराची जखम मुख्यतः आक्रसून भरते आणि माणसाची मुख्यतः नवी त्वचा येऊन, हे विसरून काढलेले निष्कर्ष मला कित्येक सादरीकरणांत दिसले आहेत.

सातवी पायरी: वही, आकडे आणि नावं

प्रयोगाची वही त्याच दिवशी लिहा. तारीख, रसायनाचा लॉट क्रमांक, काय चुकलं, सगळं. ती वही लॅबची असते, तुमची नाही, त्यामुळे दुसऱ्याला वाचता येईल अशी लिहा.

प्रयोग सुरू करण्याआधी संख्याशास्त्रज्ञाला भेटा, नंतर नाही. आपल्या विषयात एक चूक फार होते. एका रुग्णाच्या बायॉप्सीचे सहा काप मोजले म्हणजे सहा रुग्ण होत नाहीत, एकच रुग्ण सहादा मोजलेला असतो. एका रुग्णाच्या डाव्या आणि उजव्या हातावरच्या चट्ट्यांचंही तसंच. हे सुरुवातीला कळलं तर किती रुग्ण लागतील याचा हिशेब बदलतो. दोन वर्षांनी कळलं तर पेपर पडतो. आर ही मोफत संगणकभाषा थोडी तरी शिका. चित्रं मोजायला इमेजजे आहे, तेही मोफत.

पेपरवर कोणाचं नाव कुठे येणार, हे काम सुरू होतानाच विचारा. माझ्या बाबतीत एकदा असं झालं की वर्षभर मी ज्या नमुन्यांवर काम केलं त्याच्या पेपरवर माझं नाव आभारात होतं. मी आधी काही विचारलेलं नव्हतं, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं. ते मनाला फार लागलं. त्यानंतर प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला मी एक साधा मेल करू लागले: "आपल्या कालच्या बोलण्याप्रमाणे माझं काम हे, नावांचा क्रम असा, बरोबर समजले ना?" कोणीही रागावलं नाही.

गाइडबरोबर आठवड्याला ठरलेली भेट असू द्या. अर्धा तास पुरतो. जाताना एक पान घेऊन जा: काय केलं, काय फसलं, पुढे काय. फसलेलं आधी सांगा.

आठवी पायरी: लोकांसमोर जाणं आणि पुढचं पाऊल

सोसायटी फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह डर्मटॉलॉजी ही 1937 मध्ये स्थापन झालेली संस्था दरवर्षी परिषद भरवते. तिचं जर्नल ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह डर्मटॉलॉजी हे आपल्या विषयातलं मानाचं पान. पहिल्याच वर्षी गोषवारा पाठवा, पोस्टर मिळालं तरी चालेल. पोस्टरजवळ उभं राहून पाच मिनिटांत काम सांगायचा सराव घरी करा, आधी मराठीत. मराठीत जे नीट सांगता येत नाही ते अजून आपल्यालाच कळलेलं नसतं. मग इंग्रजीत.

तिथेच राहून स्वतंत्र संशोधक व्हायचं असेल तर के-99/आर-00 हे एनआयएचचं अनुदान नीट पाहा. ते परदेशी नागरिकांनाही मिळतं, पण पोस्टडॉकची चार वर्षं व्हायच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे दुसऱ्या वर्षापासूनच तयारी.

भारतात परतायचं असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी पुनर्प्रवेश फेलोशिप आणि इंडिया अलायन्स या जैववैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिप आहेत. इंडिया अलायन्समध्ये डॉक्टरांसाठी वेगळी वाट आहे. यांनाही परतण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी अर्ज करावा लागतो आणि भारतातली एक संस्था तुम्हाला घ्यायला तयार असावी लागते. म्हणून जुन्या मेडिकल कॉलेजातल्या सरांशी, मॅडमशी मधल्या काळात संबंध ठेवा. सुट्टीत घरी आलात की एक दिवस विभागात जाऊन निवासी डॉक्टरांना तासभर शिकवा.

निघताना

शेवटचे दोन महिने नवे प्रयोग सुरू करू नका. उणे 80 अंशांच्या फ्रीझरमधला प्रत्येक डबा काढा, कुठल्या खणात कुठल्या रुग्णाचा कुठला नमुना आहे याचा तक्ता करा आणि अस्पष्ट झालेली लेबलं नव्याने लावा. हातमोजे दोन थरांचे घाला, बोटं बधिर होतात. ज्यांचे पेपर अजून यायचे आहेत त्या सगळ्या आकृत्यांचे मूळ आकडे एका ठिकाणी ठेवा आणि ते कुठे आहेत हे गाइडला लेखी कळवा. तुमच्या जागी येणाऱ्याला एक आठवडा हातात हात धरून शिकवा. माझ्यानंतर केरळची एक मुलगी आली होती. पहिल्या दिवशी मी तिच्या हातात दोन चिमटे दिले, डिस्पेजमधला तुकडा पुढे सरकवला आणि कॅल्शियमचा कागद भिंतीवर तिच्या डोळ्यांसमोर लावून ठेवला.